येत नाही, बोलवत नाही, बोलणार नाही

थंडी पडू लागली की विदर्भातल्या शहरांत रस्त्याच्या कडेला लोकरी कपड्यांची दुकाने मांडली जातात. स्वेटर, कानटोप्या, शाली, मफलर. विकणारी मंडळी बहुधा तिबेटी असतात. भाव ठरवता ठरवता एखादे गिऱ्हाईक सहज विचारते, "काय हो बाई, तुम्ही चिनी ना? जरा चिनीत बोलून दाखवा की!" बाई घडी घालता घालता उत्तर देतात, "मला चिनी येत नाही." गिऱ्हाईक हसते, पैसे देते आणि चालू लागते. त्याला वाटते, बाईंनी थट्टा केली किंवा कंटाळून टाळले.

त्या चार शब्दांच्या उत्तरामागे किती इतिहास आहे, तो आज आपल्याला पाहायचा आहे. हा इतिहास दूरचा वाटेल, पण त्याचे एक टोक आपल्या गोंदिया जिल्ह्यात आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या परिसरात, गोठणगाव आणि प्रतापगडच्या बाजूला तिबेटी लोकांची वसाहत आहे. हा प्रतापगड साताऱ्याचा नव्हे, आपल्या झाडीपट्टीतला. वसाहतीचे नाव नोर्ग्येलिंग. ती १९७२ साली वसली. त्या वेळी गोंदिया हा वेगळा जिल्हा नव्हता, तो १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून निघाला. म्हणून तिबेटी मंडळींत या वसाहतीला अजूनही 'भंडारा' म्हणून ओळखतात.

इतिहासाकडे वळण्यापूर्वी थोडे व्याकरण पाहू. शिक्षक मंडळी ऐकत आहेत, त्यांना ते आवडेल. बाकीच्यांनी घाबरू नये, हे व्याकरण घरात रोज बोलले जाणारेच आहे.

मराठीत एखादी गोष्ट होत नाही हे सांगायच्या निरनिराळ्या तऱ्हा आहेत. "मला पोहता येत नाही" म्हणजे मी ते शिकलोच नाही. "मला चालवत नाही" म्हणजे चालणे येते, पण पायांत बळ नाही. याला शाळेत आपण शक्य क्रियापद म्हणतो. हे बळ नेहमी शरीराचेच असते असे नाही. घरात कोणी गेले की माणूस म्हणतो, "मला जेववत नाही, मला बोलवत नाही." तोंड शाबूत असते, मनच पुढे होत नाही. आणि तिसरी तऱ्हा, "मी जाणार नाही." येथे येण्याचाही प्रश्न नाही आणि बळाचाही नाही. येथे निश्चय आहे.

मौज अशी की, खुद्द चिनी भाषेतही हा भेद आहे. आपल्या लिपीत साधारण असे लिहिता येईल. 'बू ह्वे' म्हणजे शिकलो नाही म्हणून येत नाही. 'बू नंग' म्हणजे काही अडचण आहे म्हणून शक्य नाही. 'बू खन' म्हणजे तयारी नाही, राजी नाही. आणि समोरच्याचे बोलणे कळलेच नाही तर 'थिंग बू तोंग', म्हणजे ऐकले, पण उमगले नाही. तेव्हा "मी चिनी बोलत नाही" असे कोणी म्हटले, तर तो यांपैकी काय म्हणतो आहे हे पाहिल्याशिवाय त्याचे म्हणणे आपल्याला कळले, असे होत नाही.

आता इतिहास. पहिली तऱ्हा, येत नाही.

तिबेटी भाषा चिनीहून अगदी निराळी दिसते. चिनी लिहिण्यात शब्दाशब्दाला चिन्ह असते. तिबेटी लिपी मात्र आपल्या वळणाची. क, ख, ग, ङ या क्रमाने ती सुरू होते. तीस व्यंजने, आणि स्वरांसाठी वर-खाली चार खुणा. परंपरा सांगते की, सातव्या शतकात थोन्मी संभोट नावाच्या मंत्र्याला तिबेटच्या राजाने हिंदुस्थानात विद्या शिकायला पाठवले आणि त्याने परत जाऊन ही लिपी बसवली. म्हणजे आपली बाराखडी आणि त्यांची अक्षरे यांचे मूळ घराणे एकच. तिबेटी लोक भारताला 'ग्यागर' म्हणतात आणि चीनला 'ग्यानक'. चिनी भाषेला त्यांच्या बोलीत 'ग्याके' असा शब्द आहे.

ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य पूर्व तिबेटात शिरले. पुढे २३ मे १९५१ रोजी पेकिंगमध्ये सतरा कलमांचा करार झाला. तिबेटी शिष्टमंडळाबरोबर दुभाषे होते, कारण दोन्ही बाजूंना एकमेकांचे बोलणे कळत नव्हते. त्या वेळी दलाई लामा अवघ्या पंधरा वर्षांचे होते आणि सिक्कीमच्या सरहद्दीजवळ एका मठात राहत होते. आपल्या नावाने करार झाल्याची बातमी त्यांना कशी कळली असेल? रेडिओवर! बॅटरीवर चालणारा एक जुना रेडिओ त्यांच्याजवळ होता. पेकिंगहून तिबेटी भाषेत कार्यक्रम होत, ते ते ऐकत. एके संध्याकाळी खरखरत्या आवाजात त्यांनी ही बातमी ऐकली. शब्द तिबेटी होते, पण बोलणारा दुसरा होता. आपण रेडिओचे श्रोते आहोत, म्हणून हा प्रसंग मुद्दाम सांगितला. आपल्या भाषेत ऐकू आलेली प्रत्येक गोष्ट आपली असतेच असे नाही.

मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला. १७ मार्चच्या रात्री दलाई लामांनी ल्हासा सोडले आणि ३१ मार्चला ते भारताच्या हद्दीत आले. त्यांच्यामागून हजारो माणसे हिमालय ओलांडून आली. त्यांत शेतकरी होते, मेंढपाळ होते, लामा होते. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या गावात चिनी शाळा पोहोचण्याच्या आतच त्यांनी गाव सोडले होते. चिनी भाषा शिकणार कधी? त्यांना ती येत नव्हती, एवढेच साधे कारण.

भारतात आल्यावर कित्येकांनी प्रथम डोंगराळ भागात रस्त्यांवर खडी फोडली. मग एकेक वसाहत उभी राहिली. आधी म्हैसूरकडे बैलकुप्पे, पुढे मध्यप्रदेशात मैनपाट, ओरिसात चंद्रगिरी, पुन्हा कर्नाटकात मुंडगोड, आणि १९७२ मध्ये आपल्या झाडीत नोर्ग्येलिंग. कुठे तो बर्फाचा, जवाच्या सातूचा आणि याकच्या लोण्याचा मुलूख, आणि कुठे आपला धानाचा! आपल्याकडे वैशाखात सावलीतही अंग भाजून निघते. पावसाळा आला की बांधीत गुडघाभर चिखल. पऱ्हे काढायचे, रोवणी करायची, हे सारे नव्याने शिकायचे. हिंदी शिकायची, मराठी कानी पडत होती ती थोडी उचलायची. मुलांसाठी भारत सरकारने १९६१ पासून तिबेटी शाळांची केंद्रीय व्यवस्था केली होती. तिबेटी, हिंदी आणि इंग्रजी अशा भाषा मुलांच्या पाठीवर आल्या. चार-चार भाषांचे ओझे वाहणाऱ्या माणसाला आपण विचारतो, "चिनी येत नाही कशी?" खरे तर त्याला मराठी येते कशी, हे नवल करण्याजोगे आहे.

दुसरी तऱ्हा, बोलवत नाही. ही सर्वांत अवघड, कारण ती बाहेरून दिसत नाही.

पूर्व तिबेटात, खामकडच्या बाथांग गावात, फुंत्सोक वांग्याल नावाचे गृहस्थ होऊन गेले. ते स्वतः साम्यवादी होते. तिबेटी आणि चिनी या दोन्ही भाषा त्यांना उत्तम येत. १९५४-५५ मध्ये दलाई लामा पेकिंगला गेले, तेव्हा माओ त्से-तुंग आणि त्यांच्यामध्ये हेच दुभाषे होते. दोन्ही देशांची जीभ ज्यांच्या मुखात होती, त्याच माणसाला पुढे १९६० मध्ये त्याच्याच पक्षाच्या सरकारने तुरुंगात टाकले. तेथे ते १९७८ पर्यंत होते. अठरा वर्षे एकांतात. बोलायला समोर माणूस नाही. एवढ्या काळात त्यांचे बोलणेच हरपले, आणि सुटल्यावर त्यांना ते पुन्हा हळूहळू जमवावे लागले. दोन भाषा येणाऱ्या माणसाला एकही भाषा बोलवेना, याला काय म्हणावे?

आपल्या बाजूलाही असे घडले आहे, तेही झाकून ठेवू नये. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनशी युद्ध पेटले. आसामात आणि बंगालमध्ये कित्येक पिढ्या राहिलेली चिनी वंशाची कुटुंबे होती. सुतारकाम, चामड्याचे काम, चहाचे मळे, असा त्यांचा संसार होता. त्यांच्यातील सुमारे ३,००० माणसांना पकडून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले. त्यांत बायका होत्या, लेकरे होती. अशा दिवसांत रस्त्यावर आपली मायबोली मोठ्याने बोलण्याची छाती कोणाला होईल? भाषा येत होती, पण ओठांवर आणवत नव्हती.

आणि एक माणूस तर आपल्या अगदी शेजारी होता. गोंदियाला लागून बालाघाट जिल्हा आहे. त्या जिल्ह्यात, तुमसरहून जी रेल्वे जाते तिच्या मार्गावर, तिरोडी नावाचे गाव आहे. जानेवारी १९६३ मध्ये एक चिनी सैनिक वाट चुकून आपल्या हद्दीत आला आणि पकडला गेला. सहा-सात वर्षे तो वेगवेगळ्या तुरुंगांत होता. १९६९ मध्ये सुटल्यावर त्याला या तिरोडीत आणून ठेवले. त्याने पिठाच्या गिरणीत काम केले, हिंदी शिकली, तिथलीच मुलगी केली, संसार थाटला. त्याला घरी परत जाण्याचे कागद मिळाले ते २०१७ साली, चोपन्न वर्षांनी. त्याची आई २००६ मध्येच गेली होती. तिबेटी म्हातारीला चिनी येत नव्हती, या माणसाला येत होती. तरी परक्या गावात दोघांचे दिवस तिसऱ्याच भाषेत गेले.

आता तिसरी तऱ्हा, बोलणार नाही.

तिबेटात आज चिनीशिवाय पुढे जाता येत नाही. नोकरीला चिनी लागते, कचेरीत चिनी लागते आणि शाळेतही हळूहळू चिनी माध्यमच होत गेले आहे. ज्याला चिनी येते तो तरुणही मग रोजच्या बोलण्यात दोन्ही भाषा कालवू लागतो. अशा बोलण्याला तिबेटी लोकांनी एक झकास नाव दिले आहे, 'रा-मा-लुक'. म्हणजे धड शेळी नाही, धड मेंढी नाही. शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या लोकांचीच ही उपमा. आपल्या खेड्यात ती न सांगता कळेल.

२००८ मध्ये तिबेटात मोठी निदर्शने झाली आणि ती दडपली गेली. त्यानंतर लोकांनी एक शांत मार्ग धरला. त्याला 'ल्हाकार' म्हणतात. ल्हाकार म्हणजे पवित्र बुधवार. दलाई लामांशी हा वार जोडलेला मानतात. त्या दिवशी तिबेटी कपडे घालायचे, तिबेटी अन्न खायचे आणि तिबेटीच बोलायचे. काही ठिकाणी मित्रमंडळींनी आपापसांत नियम केला की, बोलताना चिनी शब्द आला तर शब्दामागे एक युआन दंड.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. सोमवार धरणारे, शनिवार धरणारे आपल्या घरोघरी आहेत. शनिवारी ज्याने अन्न सोडले त्याचा अन्नावर राग नसतो. तसेच हे जिभेचे व्रत. आपल्या इतिहासातही त्याची आठवण आहे. कारभारात फारसी शब्दांची गर्दी झाली होती, तेव्हा शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. रघुनाथपंतांनी ते काम केले. त्या दरबारात फारसी जाणणारी माणसे होतीच. पण येते म्हणून बोललेच पाहिजे असे नव्हते, हे त्या कोशाने सांगितले.

मात्र आजच्या तिबेटात या व्रताची किंमत जबर आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये छिंघाई प्रांतात तिबेटी शाळकरी मुले हजारोंनी रस्त्यावर आली. आमचे विषय चिनीत शिकवू नका, एवढीच त्यांची मागणी. त्याच प्रांतात ताशी वांगचुक नावाचा एक दुकानदार होता. आपल्या गावात मुलांना तिबेटी शिकायची सोय नाही, असे तो एका परदेशी वृत्तपत्राच्या चित्रफितीत बोलला. जानेवारी २०१६ मध्ये त्याला पकडले, मे २०१८ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, जानेवारी २०२१ मध्ये तो सुटला. चीनच्या राज्यघटनेच्या चौथ्या कलमात सर्व लोकसमाजांना आपापली भाषा वापरण्याचे आणि वाढवण्याचे स्वातंत्र्य लिहिलेले आहे. त्याने त्याहून अधिक काही मागितले नव्हते.

श्रोतेहो, येथे थोडे थांबले पाहिजे. हे सारे ऐकून कोणी म्हणेल, तर मग चिनी भाषाच वाईट. तसे म्हणणे चुकीचे होईल. भाषेने कोणाला तुरुंगात घातले नाही. दलाई लामांच्या जन्मगावी, ताक्त्सेरला, लहानपणी घरात मोडकीतोडकी चिनी बोलीच बोलली जात असे, तिबेटी त्यांनी मागाहून शिकली. आणि आपल्या महाराष्ट्राचे उदाहरण तर सर्वांच्या माहितीचे आहे. जपानने चीनवर स्वारी केली तेव्हा १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच भारतीय डॉक्टर मुंबईहून जहाजाने चीनला निघाले. त्यांत आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे तरुण डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. मुंबईच्या धक्क्यावर कोटणीसांनाही चिनी येत नव्हती. पण रोग्याला कुठे दुखते ते त्याच्याच शब्दांत कळले पाहिजे, म्हणून ते चिनी शिकले, चिनीतून विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले, तेथेच लग्न केले. मुलाचे नाव ठेवले इन-ह्वा. इन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तेथेच वारले.

कोटणीस चिनी शिकले ती आपखुशीने, प्रेमाने. ल्हासाच्या मुलाला ती शिकावी लागते, आणि तिच्यापायी स्वतःची भाषा मागे पडते. शिकणे तेच, पण एकाने दार स्वतः उघडले आणि दुसऱ्याच्या घराचे दार बाहेरून लावले गेले. अन्याय भाषेत नसतो, सक्तीत असतो.

आता परत आपल्या गावी येऊ. गुरुजींनो, बाईंनो, हे शेवटचे तुमच्यासाठी.

तुमच्या वर्गात मागच्या बाकावर एखादे मूल बसलेले असते. घरी गोंडी बोलते, पोवारी बोलते, हलबी बोलते, नाहीतर आपली झाडीबोली. झाडीबोलीत डोळ्याला 'डोरा' म्हणतात आणि पाण्याला 'पानी'. ते मूल पहिल्या दिवशी 'डोरा' म्हणते आणि वर्ग हसतो. दुसऱ्या दिवसापासून ते काहीच म्हणत नाही. तपासणीला साहेब येतात, त्याला उभे करतात, आणि आपण सांगून टाकतो, "साहेब, त्याला येत नाही." खरेच येत नाही का? की येते, पण आता बोलवत नाही? की त्याने मनाशी ठरवूनच टाकले आहे की, या लोकांपुढे बोलायचे नाही? प्रत्येकाला औषध वेगळे आहे. येत नसेल तर शिकवावे. बोलवत नसेल तर आधी हसणाऱ्यांना थांबवावे आणि त्या मुलाचा 'डोरा' फळ्यावर 'डोळ्या'शेजारी मानाने लिहावा. आणि बोलायचे नाही असे ठरवले असेल, तर आपले काय चुकले ते आधी पाहावे.

नोर्ग्येलिंगमध्येही आज हाच प्रश्न निराळ्या रूपाने आहे. तेथील तरुण मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी शहरांत जातात, काही परदेशी जातात. आजीला चिनी येत नव्हती, त्याचे तिला दुःख नव्हते. पण उद्या नातवाने "मला तिबेटी येत नाही" म्हटले, तर ते दुःख मोठे होईल. त्या वेळी सक्ती करणाराही कोणी समोर नसेल. भाषा अशी न कळत, कोणी न मारताही जाऊ शकते. आपल्या बोलींचेही तेच आहे.

तेव्हा या हिवाळ्यात स्वेटर घ्यायला जाल तेव्हा त्या बाईंना चिनी बोलून दाखवायला सांगू नका. त्यांच्या भाषेत नमस्काराला 'ताशी देले' म्हणतात. तेवढे म्हणा. आणि बोलायला वेळ असेल तर विचारा, "तुमच्या घरी नातवंडे तिबेटी बोलतात का हो?" उत्तर काय येते, ते शांतपणे ऐकून घ्या.